दमेकऱ्याला डाव्या हाताला ठेव

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून तुमच्या अंगावर वारा घालणाऱ्यांतला मात्र नव्हे, बरं का! मी वारा घालत नाही, मी वारा खातो. समुद्राच्या लाटेने ढकललेली हवा माझ्या पात्यांवर येते, मी फिरतो, आणि माझ्या फिरण्यातून वीज तयार होते. म्हणजे व्हायची. शिकलेली माणसं मला टर्बाइन म्हणतात. होडीवाले दमेकरी म्हणतात. मला दुसरंच नाव जास्त आवडतं.

आज सकाळपासून धुकं आहे. धुकं पडलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून तुम्हाला धरून बसवलंय. कंटाळा आला तरी उठू नका. गोष्ट माझी आहे, पण तिच्यात एक माणूस आहे, आणि त्याने मला विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अडकून राहिलं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे सतत ठोकाठोक चाले आणि तेलाचा वास येई. मला आठ पाती. ती बसवून झाल्यावर मला तोल बघणाऱ्या बाईंकडे नेलं. त्या मला हळूच फिरवत, डोळे मिटत आणि कान देत. कुठे जड वाटलं तर चिमूटभर वजन लावत, कुठे हलकीशी कानस मारत. तीन दिवस त्यांनी माझा पिच्छा सोडला नाही. चौथ्या दिवशी मुकादमाला म्हणाल्या, "ह्याचं एक पातं जरा गुणगुणतंय."

"मग घासून टाका," मुकादम म्हणाला.

"तोल अचूक आहे. उगीच चांगल्या पात्याचं वाटोळं कशाला? गुणगुणेना का! कुणाचं काय जातंय?"

मुकादमाला जेवायला जायची घाई होती. तो बरं म्हणाला आणि माझं गुणगुणणं राहून गेलं. त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत की नाहीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मला या खडकाळ किनाऱ्यावर आणलं. इथे कड्याच्या पायथ्याशी काँक्रीटची एक मोठी कोठी बांधली होती. तिला तळ नाही. तिची खालची कड पाण्यात बुडालेली. लाट आली की कोठीतलं पाणी वर चढतं आणि आतली हवा वरच्या नळीतून बाहेर पळते. लाट मागे गेली की पाणी उतरतं आणि बाहेरची हवा पुन्हा आत खेचली जाते. खरं वाटत नसेल तर बुड कापलेली बाटली बादलीतल्या पाण्यात उभी धरा, वरखाली करा आणि तिच्या तोंडाशी हात न्या. हवा हाताला लागेल. त्या नळीत मला बसवलं. माझी पाती अशा आकाराची की हवा आत जावो नाहीतर बाहेर येवो, मी आपला एकाच दिशेने फिरतो. शेजारी जनित्र. माझा आस त्याला जोडलेला. आम्ही दोघं मिळून गावातली घरं, शाळा आणि मासे ठेवायचा बर्फाचा कारखाना उजळून टाकायचो. धूर नाही, कोळसा नाही, डिझेल नाही. समुद्राने श्वास घ्यायचा आणि घरातला दिवा लागायचा.

आणि आवाज! हवा बाहेर जाताना मी 'हूऽऽ' करी. आत येताना त्या गुणगुणणाऱ्या पात्यातून 'सीऽऽ' अशी शीळ निघे. हूऽऽ, सीऽऽ, हूऽऽ, सीऽऽ. धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. नळीचं तोंड समुद्राकडे होतं, त्यामुळे डोंगराआडच्या गावात मी जेमतेम ऐकू येई, पण समुद्रावर लांबवर पोचे. होडीवाल्यांनी बारसं केलं: दमेकरी.

मला सांभाळणाऱ्या माणसाला सगळे झडपवाला म्हणत. नळीवर एक जाड झडप होती. ती बंद केली की हवा अडते आणि मी थांबतो. झडपेचं लाल चाक त्याच्या हातात. सरळमार्गी आणि भिडस्त माणूस, साहेबासमोर खुर्चीतसुद्धा नीट टेकून बसायचा नाही. पण माझ्यावर जीव. मला ताप आल्यासारखा वाटला, तर हात लावून बघायचा आणि बायकोला सांगायचा, "आज उशीर होईल, ह्याला बरं नाही."

त्याचा धाकटा भाऊ होडीवाला. दोघे अगदी उलटे. धाकट्याची जीभ एक क्षण तोंडात राहायची नाही. होडी माझ्यासमोरून नेताना हमखास ओरडायचा, "काय दमेकरी, खोकला बरा आहे का?" आणि मी आपला, हूऽऽ. तो खो खो हसायचा. लोकांनी मला यंत्र मानलं, कुणी कटकट मानलं. चेष्टा करण्याइतकं जवळचं फक्त त्याने मानलं.

याच धाकट्याने एक गोष्ट शोधून काढली. बंदरात शिरायची वाट अरुंद, आणि उजव्या अंगाला पाण्याखाली दडलेले खडक. धुक्यात भल्याभल्यांची गाळण उडे. एकदा दाट धुक्यात तो सुखरूप आत आला. भावाने विचारलं, "कसा आलास रे?"

"सोपं आहे, दादा. इंजिन बंद करायचं, तुझा दमेकरी कुठे धापा टाकतोय ते ऐकायचं, आणि त्याला डाव्या हाताला ठेवून सरळ यायचं. आंधळासुद्धा येईल."

हा हा म्हणता ते सगळ्या होड्यांवर पसरलं. दमेकऱ्याला डाव्या हाताला ठेव. बाप मुलीला शिकवू लागला, सासरा जावयाला. माझी छाती फुगली. वीज तर कुणीही तयार करेल, पण वाट दाखवण्यासाठी मला कुणी बनवलं नव्हतं. ते काम मला माणसांनी आपणहून दिलं होतं, आणि कुठल्याही कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. नसावंच, असं तेव्हा वाटायचं. लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं.

दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत मी एक दिवसही बंद पडलो नाही. मोठ्या कार्यालयातल्या साहेबांना याचं फार कौतुक. त्यांनी झडपवाल्याला पदक द्यायचं ठरवलं. समारंभ इथेच, यंत्रघरात. जागा लहान, म्हणून गावातलं कुणी नाही. बाहेरून वीस-पंचवीस पाहुणे येणार.

झडपवाल्याला एकच काळजी लागली. आदल्या दिवशी भावाला म्हणाला, "पाहुण्यांना जेवायला घालायचंय. बाजारातून मासळी आणू का?"

धाकट्याने कपाळावर हात मारला. "माझा भाऊ पदक घेणार आणि पाहुण्यांना बाजारातला शिळा मासा? लाज आणशील, दादा! सकाळी मी जातो, असा मोठा घेऊन येतो. आणि तुझ्या गळ्यात पदक पडायच्या आत हजर होतो. मी टाळ्या वाजवल्याशिवाय ते घालून घ्यायचं नाही, सांगून ठेवतो."

त्या सकाळी बाकीच्या होड्या परत आल्यावर त्याची एकट्याची होडी बाहेर पडली. माझ्यासमोरून जाताना ओरडला, "दमेकरी, आज नीट वाग! पाहुणे आहेत!"

आकाश निरभ्र होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण झडपवाल्याने ते नंतर हजार वेळा स्वतःला सांगितलं आहे. पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले. लाटांचा आवाज नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. साहेब भाषणाला उभे राहिले. "हे यंत्र, दहा वर्षांत एक क्षणही..." हूऽऽ. "एक क्षणही न थांबता..." सीऽऽ. मागच्या रांगेत हशा पिकला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, हे जरा बंद करा ना. काही ऐकू येत नाही."

झडपवाल्याने एकदा खिडकीकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन. मग लाल चाक फिरवलं. माझ्याकडे येणारी हवा अडली. मी हळूहळू मंदावलो आणि दहा वर्षांत पहिल्यांदा थांबलो. कशासाठी? तर मी कधीच थांबत नाही, हे सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून.

मित्रांनो, माणसं अशी चूक दुष्टपणाने करत नाहीत. भिडेपोटी करतात.

भाषणं लांबली. एकाचं संपलं की दुसऱ्याचं. बंद खिडक्यांच्या काचा बाहेरून पांढऱ्या होत गेल्या, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे साहेबांकडे बघत होते.

मी मात्र नळीत होतो. खालच्या कोठीतून मला समुद्र ऐकू येत होता. आणि मला होडीचं इंजिन ऐकू आलं.

ते जवळ आलं. मग बंद झालं. तो ऐकत होता. तो माझी वाट बघत होता, आणि मी मुक्याने उभा होतो. थोड्या वेळाने आवाज आला, हसरा, "ए दमेकऱ्या! झोपलास का रे?" मग नुसतं पाणी. मग पुन्हा, "अरे खोक ना! कुठे आहेस तू?" या वेळी त्यात हसू कमी होतं. मी जीव खाऊन फिरायचा प्रयत्न केला. पण हवेशिवाय पंखा म्हणजे काय? पत्र्याचा तुकडा. आत टाळ्या वाजल्या. पदक गळ्यात पडलं असावं.

तिसऱ्यांदा त्याने मला हाक मारली नाही. त्याने हाक मारली, "दादा!"

मग इंजिन सुरू झालं, आणि आवाज त्याच्या उजव्या हाताला, खडकांच्या दिशेने गेला.

मला बंद केल्याला पाऊण तास झाला, तेव्हा समारंभ संपला. कुणीतरी खिडकी उघडली आणि धुकं खोलीत शिरलं. झडपवाल्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि तो मला आजही दिसतो. तो धावत आला आणि त्याने चाक गरागरा उलटं फिरवलं. पण मी जड. एकदा थांबलो की पुन्हा वेग धरायला वेळ घेतो. पहिला हूऽऽ निघाला तेव्हा समुद्रावर ऐकायला कुणी नव्हतं.

होडीच्या फळ्या तिसऱ्या दिवशी सापडल्या. धाकटा सापडला नाही.

साहेब जाताना नोंदवही मागून घेऊन म्हणाले होते, "पाऊण तास काय धरायचा? 'अखंड चालू' लिहा." आणि त्याने तसं लिहिलं होतं. आठवड्याने धाकट्याची बायको यंत्रघराच्या दारात येऊन उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिने एकच विचारलं.

"दादा, ह्यांना ह्याचा आवाज कसा आला नाही हो? चालू होतं ना?"

झडपवाल्याने नोंदवहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चालूच होतं," तो म्हणाला. "धुकं फार होतं."

त्या दिवसापासून माझ्याखाली एक आवाज सुरू झाला. टक. टक. कोठीत काहीतरी अडकलं होतं, आणि प्रत्येक लाटेबरोबर ते भिंतीवर येऊन वाजायचं. कोठीला वरून एक काचेची खिडकी आहे. झडपवाल्याने तिच्यातून बॅटरी मारली. एक पिवळा बोया होता, जाळ्याला बांधतात तसला. त्यावर धाकट्याने स्वतःच्या हाताने एक खोकणारं तोंड रंगवलं होतं. माझं चित्र. म्हणजे तो इतका जवळ आला होता. झडपवाला तिथेच जमिनीवर बसला. तो बोया काढायला पाणबुड्या लागला असता, आणि पाणबुड्याने विचारलं असतं. म्हणून बोया तिथेच राहिला.

पुढे भावजयीला इथेच काम मिळालं. माझ्या पात्यांवर आता मीठ साचायला लागलं होतं. ते दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवायचं काम. तिचा हात हलका होता. सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्या की झडपवाला मला घटकाभर थांबवायचा, आणि ज्या पात्याने शीळ घातली असती, ते पातं ती कोरड्या फडक्याने पुसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "दादा, हे टकटक काय वाजतं हो?" ती विचारायची. "ओंडका असेल," तो म्हणायचा. चौदा वर्षं, मित्रांनो! चौदा वर्षं तो तिच्यासमोर मान वर करून बोलला नाही. पदक त्याने कधी घरी नेलं नाही. हत्यारांच्या पेटीत, चिंध्यांखाली पडून होतं. कुणी नसलं की तो माझ्याजवळ यायचा आणि म्हणायचा, "तू ऐकलं असशील ना रे? काय म्हणाला तो? सांग ना." मी सांगत होतो. हूऽऽ, सीऽऽ. त्याला तेवढंच ऐकू यायचं, आणि तो कानांवर हात ठेवून निघून जायचा.

हळूहळू माझं कौतुक आटलं. दूर समुद्रात तरंगणारी नवी यंत्रं आली. ती लाटेवर वरखाली होतात आणि माझ्या दसपट वीज देतात, तीही आवाज न करता. माझ्या पात्यांना गंज चढला. रंगासाठी केलेल्या मागण्या कार्यालयात पडून राहिल्या. शेवटी कागद आला: कोठीचं तोंड काँक्रीटने बुजवायचं, आणि पंखा भंगारात.

शेवटच्या दिवशी निरोपाचा छोटा समारंभ होता. नवीन इंजिनियर बाई आल्या होत्या. तरुण, बोलायला गोड. झडपवाल्याचे केस आता पांढरे झाले होते. भावजय फडकं हातात घेऊन भिंतीशी उभी होती. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. बाई दोन शब्द बोलायला उभ्या राहिल्या, आणि मी, हूऽऽ. त्या हसल्या.

"काका, पाचच मिनिटं बंद करता का? म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल."

झडपवाला उठला. लाल चाकाजवळ गेला. त्याने त्यावर दोन्ही हात ठेवले. आणि मित्रांनो, त्याने ते फिरवलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं. माझ्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

"नाही म्हणतो! बंद करणार नाही!" आता तो ओरडत होता. ओरडावंच लागत होतं, कारण मी पूर्ण जोरात होतो. "एकदा केलं होतं! भाषणासाठी! पाऊण तास! माझा भाऊ बाहेर होता, आणि मी बंद केलं होतं!"

तो भावजयीकडे वळला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"चालू नव्हतं गं! तुला खोटं सांगितलं! वहीत खोटं लिहिलं! तो ओंडका नाही, त्याचा बोया आहे! तो दारापर्यंत आला होता, आणि मी दार लावून बसलो होतो!"

हूऽऽ. सीऽऽ. खाली टक. टक.

ती पुढे आली. मला वाटलं आता ही त्याच्या थोबाडीत मारणार, आणि मारली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. तिने तसं काही केलं नाही. ती काचेच्या खिडकीपाशी वाकली आणि कितीतरी वेळ आत बघत राहिली. मग झडपेपाशी आली.

"पाना द्या," ती म्हणाली.

त्याने पाना दिला. तिने लाल चाकाचा मधला नट सोडवला. गंजलेला होता, तिच्या बोटांची सालं निघाली, पण तिने त्याला हात लावू दिला नाही. चाक सुटलं. ते तिने पोटाशी धरलं.

"मी माफ केलेलं नाही, दादा," ती म्हणाली. "करेन की नाही, माहीत नाही. पण हे चाक आता माझ्या घरी राहील. पुन्हा कुणी म्हणालं बंद कर, तर त्याने माझ्या दारात येऊन मागायचं. मी देते का बघू."

इंजिनियर बाईंनी चष्मा काढून पुसला. मग कागद मागवला आणि त्यावर लिहिलं: कोठी बुजवू नये, पंखा जागेवर राहू द्यावा, धुक्याचा इशारा म्हणून. इतक्या वर्षांनी माझं खरं काम कागदावर आलं. दुसऱ्या आठवड्यात पाणबुड्या उतरला आणि बोया निघाला. भावजयीने तो उराशी धरला तेव्हाच ती रडली.

आता मी वीज करत नाही. जनित्र कधीच काढून नेलं. उधाणात मी बेफाम होऊ नये म्हणून जादा हवेला बाजूने वाट करून दिली आहे. झडपवाला घरी बसतो, पण धुकं पडलं की काठी टेकत येतो. सगळ्या होड्या किनाऱ्याला असल्या की भावजय चाक घेऊन पाती पुसायला येते. दोघं एकमेकांशी फार बोलत नाहीत. पण परवा तिने डब्यातला अर्धा घास त्याच्यापुढे सरकवला, आणि त्याने तो खाल्ला.

मित्रांनो, तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका, हे तर सगळीच जुनी यंत्रं सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. कुणाचाही आवाज बंद करण्याआधी उठा, खिडकी उघडा, आणि तो आवाज बाहेर कोण ऐकतंय ते बघा. ऊन असलं तरी बघा. मग हवं तर चाक फिरवा.

धुकं वाढलंय. तुम्हाला काही ऐकू येतंय का? नाही? मला येतं. इंजिन जवळ येतं, बंद होतं, आणि कुणीतरी हसत हसत विचारतं, झोपलास का रे? आता मी दर वेळी उत्तर देतो. हूऽऽ. सीऽऽ. नाही रे बाबा, जागा आहे. इथेच आहे. मला डाव्या हाताला ठेव, आणि सरळ आत ये.